दादाचा देव

एरिक क्लॅप्टन आम्हांला आवडत नाही. एवढे साधे वाक्य दादासमोर उच्चारायला आम्हां दोघांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. थोरामोठ्यांच्या कवितांविषयी प्रतिकूल मते आम्ही वर्गात बिनदिक्कत मांडतो, विद्यार्थ्यांनीही ती मांडावीत असा आग्रह धरतो, आणि एखादा 'मला नाही आवडली, सर' एवढ्यावर भागवू लागला तर 'का नाही आवडली?' असे विचारून त्याला उभा ठेवतो. त्याच आम्हांला एका इंग्रज गिटारवादकाबद्दल बोलताना मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखे होई. कारण हा वादक आमच्या घरातला देव होता.

'देव' हा शब्द अर्थात आमचा नव्हे. १९६०च्या दशकाच्या मध्यास लंडनच्या इझलिंग्टन भागात कुणा चाहत्याने 'क्लॅप्टन देव आहे' असे रस्त्याकडेच्या पत्र्यावर रंगवून ठेवले. त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अक्षरे मोठी, ठळक. आणि त्यांच्या खाली एक कुत्रा पाय वर करून उभा. दादाने हे छायाचित्र एका मासिकातून कापून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवले होते. कुत्र्यासकट. "कुत्रा कापायचा नाही," तो म्हणे, "देवाला एवढं चालतं."

दादा म्हणजे आमच्यातल्या एकीचा थोरला भाऊ. वयाने दहाएक वर्षांनी मोठा. पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी, पुण्यात घर, आणि घरात किराणा घराण्याचे वातावरण. वडील सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी घेऊन जाणारे. अशा घरात त्याने पहिल्या पगारातून स्पॅनिश गिटार आणली, तेव्हा वडील म्हणाले होते म्हणे, "वाजव, पण दार लावून." दादाने दार लावले ते कायमचे. महिन्यातून एकदा तो मुंबईला जाई, काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये दुपार घालवी आणि दोन-तीन कॅसेटी घेऊन रात्रीच्या गाडीने परते. (ते दुकान २०१६ साली बंद झाले. त्या दिवशी दादाने फोन करून नुसते "गेलं" एवढेच सांगितले. आम्हांला क्षणभर वाटले, कुणी नातेवाईक.)

आम्ही दोघे एम. ए.च्या वर्गात भेटलो ते २००१ साली. आमच्यातला दुसरा सांगलीकडचा. त्याचे कान घडले ते वडिलांच्या भजनी मंडळात. पेटी, पखवाज आणि पहाटेपर्यंत जागून घोगरे झालेले आवाज. गिटार त्याने तोवर फक्त चित्रपटात पाहिली होती. दादाने आम्हां दोघांना समोर बसवले आणि सहा महिने शिकवले. ब्लूज म्हणजे बारा खंडांचा साचा आणि तीन स्वरसंघ; एवढ्याशा जागेत माणसे आयुष्यभर कशी राहतात ते त्याने दाखवले. तार बोटाने आडवी ओढून स्वर चढवायचा. आपल्या सतारीची मींडच ती. "आता ऐका," तो म्हणे, "स्वर पोचतो कुठे ते नका ऐकू, जातो कसा ते ऐका." आज आम्ही वर्गात छंदाबद्दल जे बोलतो, त्यातले पुष्कळसे या खोलीत शिकलेले आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

आणि मग क्लॅप्टन. १९६५ साली यार्डबर्ड्स हे पथक लोकप्रियतेच्या वाटेने निघाले म्हणून विशीच्या उंबरठ्यावर ते सोडून देणारा, ब्लूजशी प्रामाणिक राहणारा क्लॅप्टन. १९६६ ते १९६८ या काळात 'क्रीम' या तिघांच्या पथकात वाजवणारा. १९७० साली निजामीच्या लैला-मजनूवरून 'लैला' रचणारा. १९९१ साली चार वर्षांचा मुलगा गमावलेला, आणि पुढल्याच वर्षी 'अनप्लग्ड'च्या मैफलीत साध्या लाकडी गिटारीवर त्या मुलासाठीचे गाणे गाणारा. १९९३च्या ग्रॅमी समारंभात त्याने सहा पारितोषिके नेली. दादाकडे ती 'अनप्लग्ड'ची कॅसेट होती. ती लावण्याआधी तो हात धूत असे.

आम्ही ऐकले. आदराने ऐकले. आणि काही म्हणता काही झाले नाही.

येथे जरा थांबून त्या 'काही न होण्या'विषयी लिहिले पाहिजे, कारण नावडणे ही आस्वादाचीच एक बाजू असूनही तिच्यावर आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. ते वादन आम्हांला वाईट वाटले नाही. ते अतिशय चांगले आहे हे आम्हां अडाण्यांनाही कळत होते. प्रत्येक स्वर नेमका, गोल, स्वच्छ. वाक्य कुठे संपणार याची अपेक्षा निर्माण व्हावी आणि ते तेथेच संपावे. उत्तम वक्त्याचे भाषण ऐकून सभागृहाबाहेर पडावे, आणि पायऱ्या उतरताना त्यातले एकही वाक्य आठवू नये, तशी आमची अवस्था होई. दादा डोळे मिटून बसलेला असे. आम्ही एकमेकांकडे पाहत नसू. पाहिले असते तर दोघांना एकाच वेळी कळले असते.

मग त्याने आम्हांला रॉबर्ट जॉन्सन ऐकवला. "हा माझ्या देवाचा देव," असे म्हणून. मिसिसिपीचा हा कृष्णवर्णीय गायक-वादक १९११ साली जन्मला आणि १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये त्याची एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित झाली. मागे उरला तो एवढाच. १९९० साली निघालेला त्याच्या समग्र ध्वनिमुद्रणांचा संच दादाने कोणाकडून तरी मागवला होता. खरखर, त्यामागे एक पातळ, ताणलेला आवाज आणि दोन माणसे वाजवीत असल्यासारखी एकच गिटार. आमच्यातला सांगलीकर ताठ बसला. हा आवाज त्याने ऐकलेला होता. चार वाजता, देवळात, शेवटच्या अभंगाला.

तेव्हापासून आमच्या हाती एक काठी आली. जॉन्सनचे चौरस्त्यावरचे गाणे आणि क्रीमने १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफलीत वाजवलेले तेच गाणे आम्ही मनातल्या मनात शेजारी ठेवू लागलो. जॉन्सनच्या गाण्यात खंडांची लांबी कमीजास्त होते. श्वास असेल तसे गाणे वाकते. क्लॅप्टनने ते सरळ केले, बारा खंडांच्या चौकटीत बसवले, जॉन्सनच्याच दुसऱ्या गाण्यातले एक कडवे आणून जोडले, आणि एक कडवे वगळले. वगळले ते नेमके सूर्य मावळत चालल्याचे, अंधार आपल्याला येथेच गाठणार असल्याचे कडवे. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत काळोख पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकट्या सापडलेल्या कृष्णवर्णीय माणसाचे काय होऊ शकत असे, हे ठाऊक असलेल्याला त्या कडव्याखेरीज हे गाणे उभेच राहत नाही. उरते ते धावते, देखणे वादन. भीती काढून घेतलेला चौरस्ता.

हे आम्ही दादाला एकदा, बरेच मऊ करून, सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही मराठीवाले शब्द ऐकता. मी बोटं ऐकतो." आम्ही हसलो आणि विषय सोडला. पण खरे तर त्याने आमच्या अभिरुचीचे वर्म त्या दोन वाक्यांत सांगितले होते, आणि आम्ही ते विनोद म्हणून खिशात टाकले.

पुढे कधीतरी आम्हांला १९७६ सालची हकीकत वाचायला मिळाली. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या मैफलीत दारूच्या नशेत क्लॅप्टनने रंगमंचावरून परकीयांनी देश सोडावा, ब्रिटन गोऱ्यांचे राहावे अशा अर्थाचे भाषण केले आणि स्थलांतरितांविरुद्ध विष ओकणाऱ्या इनॉक पॉवेल या राजकारण्याचा पुरस्कार केला. काळ्या माणसांच्या संगीतावर उभा राहिलेला, दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लेचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला माणूस हे बोलत होता. त्याच्या निषेधातूनच इंग्लंडमध्ये वंशवादविरोधी संगीतकारांची 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. क्लॅप्टनने पुष्कळ वर्षांनी या भाषणाची लाज वाटते असे सांगितले. पण ते पुष्कळ वर्षांनी.

हे वाचून आम्हांला संताप यायला हवा होता. तो आलाही. परंतु त्याच्या आधी, अर्धा क्षण आधी, आम्हांला आनंद झाला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण या लेखाचे कारणच ते आहे. डेव्हिड ह्यूमने अभिरुचीवरील १७५७च्या निबंधात 'दोन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातल्या मद्याची परीक्षा करायला सांगतात. एक म्हणतो, उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणतो, किंचित लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडते. ही गोष्ट आम्ही दरवर्षी शिकवतो. बर्मिंगहॅमची हकीकत वाचली आणि आम्हांला वाटले, सापडली किल्ली! आमची जीभ खरी होती!

२०११च्या भाऊबीजेला आम्ही ती किल्ली दादाच्या ताटाशेजारी ठेवली. ओवाळून झाले होते, वहिनी वाढत होत्या. आमच्यातल्या एकीने सुरुवात केली, दुसऱ्याने तारखा पुरवल्या. वर्गात दोन शिक्षकांनी मिळून व्याख्यान द्यावे तसे. "जेवताना इंग्लंड नको," वहिनी एकदा म्हणाल्या. आम्ही थांबलो नाही.

दादाने घास संपवला. म्हणाला, "शहात्तर मला ठाऊक आहे. घाण बोलला तो. पण तुम्हांला तो आवडत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हाच सांगायचं होतंत. त्याच्यासाठी बर्मिंगहॅमपर्यंत कशाला गेलात?"

कोणी काही बोलले नाही. मग तो बहिणीकडे वळला. "तुला 'लैला'तला शेवटचा पियानो आवडतो ना? तेवढाच भाग पुन्हा लाव म्हणायचीस. तो क्लॅप्टनचा नाही. ढोल वाजवणाऱ्या जिम गॉर्डनचा. त्यानं पुढं स्वतःच्या आईला मारलं. आता तो पियानो ऐकायचा की नाही, ते मला सांग. तुम्ही शिकवता."

गॉर्डनची गोष्ट खरी आहे. 'लैला'चे श्रेय क्लॅप्टन आणि गॉर्डन या दोघांच्या नावे आहे, आणि शेवटचा पियानोचा भाग गॉर्डनचा म्हणून ओळखला जातो. त्याने १९८३ साली आईची हत्या केली. त्याला स्किझोफ्रेनिया होता. मार्च २०२३ मध्ये तो कैदेतच वारला. आजाराने केलेले कृत्य आणि नशेत ओकलेला द्वेष यांना एका मापाने मोजू नये, हे उत्तर आम्हांला घरी परतल्यावर सुचले. ते उत्तर बरोबरही आहे. पण दादाचा प्रश्न तो नव्हताच.

आमची किल्ली या पिंपातली नव्हती. चामड्याची चव आम्हांला लागली ती १९६८च्या, १९७०च्या वादनात; किल्ली पडली १९७६ साली. आणि जीभ कुरकुरली तेव्हा आम्हांला त्या भाषणाचा गंधही नव्हता. आम्हांला फक्त नावडले होते, आणि निव्वळ नावडणे हे आम्हांला, वर्गात मुलांना उभे करून ठेवणाऱ्यांना, लाजिरवाणे वाटत होते. म्हणून आम्ही नीतीकडे धावलो. तिने आम्हांला हवा तो दाखला दिला, आणि तो आम्ही भाऊबीजेच्या ताटात वाढला.

त्यानंतर नऊ-दहा वर्षे त्या घरात आमच्यापुढे संगीताचा विषय निघाला नाही. भाऊबीज होई, दिवाळीअंकांवर बोलणे होई, कपाटाचे दार बंद असे. भांडण झाले असते तर बरे झाले असते. कांट म्हणतो त्याप्रमाणे मद्याच्या चवीबाबत आपण 'मला आवडते' एवढे म्हणून थांबतो, परंतु 'सुंदर' म्हटले की इतरांकडून संमतीची मागणी करतो. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' हातात घेऊन हे आम्ही किती वेळा समजावून दिले असेल! पण मागणी पुरी झाली नाही तर मागणाऱ्यांनी एकमेकांकडे जेवायला कसे जायचे, याबद्दल तेथे काही मिळाले नाही.

काही मिळाले ते कालिदासाकडे. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमती स्वयंवराच्या मंडपातून चालली आहे. अंगदेशाच्या राजापाशी ती येते, त्याची थोरवी ऐकते, आणि नजर काढून घेऊन 'पुढे चल' म्हणते. कालिदास लगेच खुलासा करतो: तो राजा काही न आवडण्याजोगा नव्हता, आणि तिला पारख नव्हती असेही नाही, माणसांची रुची वेगवेगळी असते, इतकेच. या श्लोकाची शेवटची उक्ती आपण इतकी वापरली आहे की आधीचे दोन नकार कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आमचेही राहिले नव्हते. राजाही ठीक आणि कन्याही जाणती, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, अशी जागा आम्ही दादाला दिली नाही आणि स्वतःलाही घेतली नाही. आम्ही राजात दोष शोधत बसलो.

टाळेबंदीच्या दिवसांत आम्ही दोघांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. आमची नावड एक होती, कारणे एक नव्हती. आमच्यातल्या सांगलीकराला ते वादन फार धुतलेले वाटे. घोगरेपणा नाही, दमछाक नाही. आणि किराण्यात वाढलेलीला ते उलट पुरेसे स्वच्छ वाटत नसे: पाठ केलेल्या तानांसारखे ठरीव तुकडे पुन्हा पुन्हा येतात, एका स्वरावर वस्तीला कुणी राहत नाही, अशी तिची तक्रार. म्हणजे वीस वर्षे 'आम्हांला' म्हणून जे बोलत होतो, त्या 'आम्हां'त एक भजनी मंडळ होते आणि एक किराणा. वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी'त घराण्यांचा फरक स्वर आणि लय यांच्या प्रमाणात शोधला. आमच्या स्वयंपाकघरात ते प्रमाण कुणी मोजले असते तर आमचे लग्न झाले नसते.

आणि जॉन्सन? ज्याने आम्ही क्लॅप्टनला झोडपले ती काठी? १९९०च्या त्या संचासोबतच्या पुस्तिकेत क्लॅप्टननेही जॉन्सनवर लिहिले आहे. दादा जॉन्सनपर्यंत पोचला तो क्लॅप्टनचे बोट धरून, आणि आम्ही दादाचे. आधी रूपांतर वाचून मूळ कृतीकडे जावे आणि मग रूपांतरकाराच्या चुका काढाव्यात, हा आमच्या अभ्यासक्षेत्रातला नित्याचा कृतघ्नपणा. त्या चुका खऱ्या असतात, ही त्यातली अडचण. मावळतीचे ते कडवे वगळले गेले ते गेलेच. त्याबाबत आमचे मत आजही बदललेले नाही.

२०२१ साली क्लॅप्टनने टाळेबंदी आणि लसीकरण यांविरुद्ध आवाज उठवला. लशीचा दाखला मागणाऱ्या ठिकाणी आपण वाजवणार नाही असे जाहीर केले. बातमी आम्ही वाचली आणि दादाला पाठवली नाही. त्याचाच फोन आला. दादा मधुमेही, लशीसाठी तो पहाटेपासून रांगेत उभा राहिलेला. "वाचलंस ना?" तो बहिणीला म्हणाला. "मग बोल की! एवढी आयती संधी." ती म्हणाली, "नाही बोलत." तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो हसला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. मधुमेहाने त्याच्या डाव्या हाताची बोटे बधिर झाली आहेत. तार दाबली की दाबली गेली की नाही हे त्याला पाहून कळते. क्लॅप्टनलाही मज्जातंतूंच्या विकाराने वाजवणे अवघड झाल्याचे २०१६ साली जाहीर झाले होते. दादाने ते मोठ्या अभिमानाने सांगितले, जणू दोघांनी मिळून घेतलेला आजार. गिटार भिंतीला टेकून होती. कॅसेटवादक त्याने कुठूनतरी दुरुस्त करून आणला होता. "लावू?" त्याने विचारले, आणि सवयीने हात धुवायला गेला.

'अनप्लग्ड'ची पहिली बाजू आम्ही पूर्ण ऐकली. टाळ्या, मधले हसणे, पुन्हा गिटार. सगळे ओळखीचे, सगळे जागच्या जागी. बाजू संपली, खटका पडला.

"काय?" दादा म्हणाला.

"नाही आवडत, दादा," आम्ही दोघांनीही सांगितले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "दुसरी बाजू लाव."